टेप छापणारं लेबल-यंत्र, अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आणि पेन्सिल: काही उन्हाळे उलटल्यानंतरचा अभिप्राय

लेबल छापायच्या यंत्रांचे अभिप्राय वाचायला घेतले की लगेच लक्षात येतं, बहुतेक सगळे खोकं उघडल्याच्या आठवड्यात लिहिलेले असतात. बॅटऱ्या घातल्या, चार नावं छापली, कुंड्यांवर चिकटवली, फोटो काढला, पाच तारे देऊन मोकळे. पण कुंडीतल्या पाटीला पहिल्या आठवड्यात काय धाड भरलेली असते? तेव्हा कागदाच्या कपट्यावर बॉलपेनने लिहिलेलंही वाचता येतं. पाटीची खरी परीक्षा दुसऱ्या उन्हाळ्यात सुरू होते आणि तिसऱ्यात निकाल लागतो. म्हणून मी हे उशिरा लिहितेय. यंत्र चांगलं वापरून झालंय, टेपची रिकामी काडतुसं ड्रॉवरमध्ये साठलीत, आणि पहिल्या वर्षी लावलेल्या पाट्या आज कशा दिसतात ते मी रोज बघते.

माझी नोकरी ग्रंथालयात झाली. दाखल नोंदवह्या, पुस्तकांच्या पाठीवरचे क्रमांक, सुटलेली लेबलं परत लावणं, यातच वर्षं गेली. त्यामुळे झाडांच्या पाट्यांकडे मी शोभेची वस्तू म्हणून बघत नाही. गच्चीत आणि खिडक्यांत मिळून हॉयाचे वेल, हॉवर्थिया, थोडे लिथॉप्स (दगडांसारखी दिसणारी छोटी रसाळ झाडं), नेचे आणि कुणीकुणी दिलेल्या कटिंगांचा बराच पसारा आहे. यातली निम्मी झाडं एकमेकांची जुळी भावंडं वाटतात. हॉया कार्नोसाचे 'क्रिम्सन क्वीन' आणि 'क्रिम्सन प्रिन्सेस' हे दोन प्रकार घ्या. एकाच्या पानाची कड पांढरी, दुसऱ्याच्या पानाचा मधला भाग पांढरा. सांगायला सोपं. पण वेल मनावर घेऊन साधी हिरवी पानं काढायला लागला की दोघींत फरक सांगणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे पाटी.

आता यंत्राकडे. हातात मावणारं, बटणांचा कीबोर्ड असलेलं आणि मोबाइललाही जोडता येणारं टेप-यंत्र आहे. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण ज्या गोष्टींवर मी बोलणार आहे त्या या जातीच्या बहुतेक यंत्रांना लागू पडतात. घेताना विचारायचा प्रश्न कंपनी कुठली हा नाही. टेप कुठली, हा आहे.

उष्णतेने छापणारी यंत्रं दोन तऱ्हेची असतात आणि दुकानाच्या पानावर दोन्हींना 'थर्मल' असंच म्हटलेलं असतं. पहिल्या तऱ्हेत कागदालाच रसायन लावलेलं असतं आणि गरम झालेल्या ठिकाणी तो काळा पडतो. दुकानातली पावती याच पद्धतीने छापतात. खिशात मावणारे, दिसायला गोंडस, मोबाइलवरून चालणारे बरेचसे छोटे प्रिंटर याच जातीचे. शाई नाही, रिबन नाही, म्हणून वापरायला झकास. पण ऊन आणि उष्णता ही त्या कागदाची वैरी आहेत. अक्षरं पुसट होतात, नाहीतर अख्खं लेबल काळवंडतं. गॅलरीतल्या कुंडीसाठी हा प्रकार घेऊच नका, मग तो कितीही स्वस्त असो आणि त्याच्या अ‍ॅपमध्ये पानाफुलांच्या कितीही चौकटी असोत.

दुसऱ्या तऱ्हेत रिबनवरचा काळा थर गरम करून टेपवर उतरवतात. त्यातही लॅमिनेटेड टेप ही खरी कामाची. तिची रचना बघण्यासारखी आहे. वर एक पारदर्शक पापुद्रा असतो आणि अक्षरं त्याच्या खालच्या अंगाला उलटी छापली जातात. मग तो पापुद्रा पांढऱ्या चिकट पट्टीवर दाबून बसवला जातो, आणि ही जोडलेली टेप यंत्रातून बाहेर येते. म्हणजे छापलेलं अक्षर दोन थरांच्या मध्ये बंद असतं. पाणी, खत, बोट, कशाचाच त्याला थेट स्पर्श होत नाही. काडतूस लॅमिनेटेड असल्याचं खोक्यावर लिहिलेलं असतं खरं, पण दुसऱ्या कंपन्यांच्या 'चालणाऱ्या' स्वस्त काडतुसांच्या बाबतीत त्या शब्दावर विसंबू नका. एक लेबल छापा, सॅनिटायझरचा थेंब टाका आणि नखाने घासा. बोटाला काळं लागलं तर छपाई वरच्या अंगाला आहे. ते काडतूस डबे आणि फायलींसाठी ठेवा, बाहेर लावू नका.

उन्हाचा निकाल असा. पांढऱ्यावर काळी छपाई असलेली लॅमिनेटेड लेबलं अजून जशीच्या तशी आहेत. दक्षिणेकडच्या कठड्यावर, जिथे दिवसभर ऊन असतं, तिथलीही. पिवळ्या पट्टीवर छापलेली होती त्यांची पट्टी फिकट झाली, अक्षरं मात्र शाबूत. लाल अक्षरांची एक टेप मी हौसेने आणली होती, ती आता गुलाबीसर दिसते. काळ्या छपाईत कार्बनचं रंगद्रव्य असलं की त्याला ऊन फारसं काही करू शकत नाही. लाल आणि तत्सम रंग अतिनील किरणांपुढे लवकर हार खातात. तेव्हा रंगांची हौस असेल तर ती कुंड्यांवर फेडा. घराच्या आत, काचेमागे ठेवलेल्या झाडांच्या पाट्या सगळ्याच जास्त टिकतात. काच अतिनील किरणांतला जास्त जाळणारा भाग अडवते, सगळा मात्र अडवत नाही. त्यामुळे खिडकीतली लाल अक्षरंही जातील, जरा उशिरा एवढंच.

म्हणजे छपाई पास. मग माझी तक्रार काय?

तक्रार चिकटण्याची आहे, आणि तिथेच या यंत्राबद्दलची सगळी जाहिरात गप्प बसते. रोपवाटिकेतून येणाऱ्या काळ्या कुंड्या बहुतेक पॉलिप्रॉपिलीनच्या किंवा पॉलिइथिलीनच्या असतात. हे प्लास्टिक कशालाच धड चिकटू देत नाही, त्याचा पृष्ठभागच तसा असतो. त्यात कुंडी गोल, म्हणजे ताठ टेपला सतत सरळ व्हायची ओढ. लेबल लावलं त्या दिवशी घट्ट बसतं. काही आठवड्यांनी एक कोपरा केसभर उचलतो. त्या फटीत पाण्याबरोबर माती जाते, डिंकाला चिकटते, आणि तो कोपरा आता पुन्हा कधीच बसणार नाही. मग कुंडी सरकवताना कुणाचातरी हात लागतो आणि लेबल जमिनीवर. मातीच्या कुंडीचं तर विचारूच नका. ती पाणी पिते, घाम काढते, वर क्षारांचा पांढरा थर आणते. तिच्यावर चिकटवणं म्हणजे ओल्या भिंतीवर पत्रक डकवणं.

जास्त चिकट डिंकाची टेप मिळते. खडबडीत पृष्ठभागासाठी म्हणून ती विकतात, आणि गुळगुळीत चिनीमातीच्या कुंडीवर ती खरंच उत्तम बसते. काळ्या प्लास्टिकवर साध्या टेपपेक्षा बरी, पण 'बरी' एवढंच.

यावरचा इलाज म्हणजे कुंडीला लेबल लावायचंच नाही. अ‍ॅल्युमिनियमची जाड पट्टी घ्यायची, तिच्यावर टेप लावायची आणि ती पट्टी मातीत खोचायची. अ‍ॅल्युमिनियमवर डिंक छान धरतो, पट्टी सपाट असते, आणि तिच्यावर स्वतःचा ऑक्साइडचा पातळ थर असल्यामुळे ती लोखंडासारखी गंजत नाही. खतांच्या क्षारांनी मातीलगतचा भाग पांढुरका, खडूसारखा होतो, पण तो खाली असतो, वाचायचा भाग वर. अशा तयार पट्ट्या मिळतात, टोकाला कापलेल्या.

चिकटवण्याची रीत जरा सविस्तर सांगते, कारण सगळा फरक इथे पडतो. पट्टीला कारखान्यातलं तेल लागलेलं असतं, ते बोटांना कळतही नाही. आधी साबणाने धुवायची, वाळवायची, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, आणि पुसल्यावर त्या जागेला बोट लावायचं नाही. टेप पट्टीपेक्षा अरुंद हवी, दोन्ही बाजूंना दीड-दोन मिलिमीटर धातू मोकळा दिसला पाहिजे. टेप कडेवरून मागे दुमडली की आणखी घट्ट बसेल असं वाटतं, प्रत्यक्षात ती कडेपासूनच सुटते. आता सगळ्यात महत्त्वाचं: टेपचे चारही कोपरे नेलकटरने गोल करा. टोकदार कोपरा हा उचकटण्यासाठी दिलेला हातच असतो. गोल कोपऱ्याला पकडच सापडत नाही. मग अंगठ्याने मधून बाहेर असं जोर देऊन घासत जायचं, म्हणजे आत हवेचा फुगा राहत नाही. एवढं झाल्यावर पट्टी लगेच मातीत खोचू नका. हे डिंक पूर्ण जोर धरायला दिवसभर घेतात. रात्रभर टेबलावर पडू द्या, दुसऱ्या दिवशी बाहेर न्या.

अशा रीतीने लावलेल्या पाट्यांपैकी एखाददुसरी सुटली असेल. कुंडीवर थेट चिकटवलेल्यांची मोजदाद करण्यात अर्थ नाही.

यंत्राच्या बाकी खोड्या. पहिली म्हणजे टेपची नासाडी. छापणारा भाग आणि कापणारी पात यांच्यात अंतर असल्यामुळे प्रत्येक लेबलाच्या आधी साधारण इंचभर कोरी टेप बाहेर येते. चार अक्षरांच्या नावाला नावापेक्षा कोरी पट्टीच मोठी. एकेक लेबल छापत बसलात तर काडतूस बघता बघता संपतं. त्यावर उपाय यंत्रातच दडवून ठेवलाय. मेन्यूमध्ये साखळीने छापण्याची सोय असते, तीत नावं एकामागून एक येतात आणि कोरी टेप एकदाच वाया जाते. मी नावं साठवते आणि एका बैठकीत छापून कात्रीने कापते. समास सर्वांत अरुंद करून घ्या. हे सुरुवातीपासून चालू का नसतं, याचं उत्तर ज्याला काडतुसं विकायची आहेत त्याला विचारा.

दुसरी खोडी बॅटऱ्यांची. छापताना यंत्र एकदम जोर खातं. बॅटऱ्या अर्ध्या उतरल्या की छपाई मध्येच फिकट होते किंवा यंत्र बंदच पडतं. महिनोन् महिने वापरणार नसाल तर बॅटऱ्या काढून ठेवा, नाहीतर त्या गळतात आणि आतले स्प्रिंग खातात. ही खरं तर रिमोटपासून टॉर्चपर्यंत सगळ्यांनाच लागू पडणारी गोष्ट आहे, पण रोज न लागणाऱ्या वस्तूंनाच ती भोवते.

तिसरी, मराठी. कीबोर्डावर देवनागरी नाही, ते ठीक आहे. मोबाइल जोडला की फोनमधला कुठलाही फॉन्ट छापता येतो, आणि भाच्याने ते जोडूनही दिलं. अ‍ॅप आधी खातं उघडा म्हणालं. दोन नावं छापायला माझा ई-मेल कशाला हवा, हे मला अजून कळलेलं नाही. असो. देवनागरी छापता येते, पण नीट बघून. या यंत्रांची छपाई बहुधा इंचाला १८० ठिपके इतकी असते. मोठ्या रोमन अक्षरांना ते भरपूर झालं, पण आपल्या जोडाक्षरांची गचडी होते. 'ष्ट' किंवा 'द्ध' नऊ मिलिमीटरच्या टेपवर दोन ओळींत छापलं की आतल्या फटी बुजतात आणि काळा ठिपका उरतो. वरच्या मात्रा आणि रफार टेपच्या कडेला कापले जातात, कारण अ‍ॅप उंची मोजताना मात्रा धरतच नाही. 'कोरफड' आणि 'कारफड' यांत फरक राहिला नाही तर छापून उपयोग काय? बारा मिलिमीटरची टेप, एकच ओळ, साधा जाड नसलेला फॉन्ट आणि आकार एक घर कमी, एवढं केलं की मराठी नाव स्वच्छ येतं. दोन ओळी हव्याच असतील तर अठरा मिलिमीटरची टेप घ्या. मात्र तेवढी टेप घेणारं यंत्र आहे का, ते आधी तपासा. लहान यंत्रं बाराच्या पुढे जात नाहीत.

पाटीवर काय छापायचं, यावर भाच्याचं आणि माझं चांगलंच वाजलं.

"मावशी, क्यूआर कोड छाप. मोबाइल धरला की झाडाची सगळी कुंडली समोर."

"आणि तुझ्या कोडवर चिखल उडाला तर?"

"तीस टक्के खराब झाला तरी वाचता येतो. तशी सोय असते त्यात."

ते खरं आहे. क्यूआर कोडच्या सगळ्यात वरच्या दर्जात जवळपास तेवढी खराबी सहन होते. पण झाडाला पाणी घालताना माझ्या एका हातात झारी असते आणि दुसरा ओला. त्यातून कोड ज्या पानाकडे नेतो ते पान पाच वर्षांनी तिथेच असेल याची हमी कोण देणार? डोळ्यांनी वाचता येणारा क्रमांक मला जास्त भरवशाचा वाटतो. भाच्याला मी त्याच्या एका कुंडीला कोड लावून दिला. त्या झाडाचं नाव तो अजून मलाच विचारतो.

माझी पद्धत ग्रंथालयातली आहे. प्रत्येक झाडाला दाखल क्रमांक: आधी वर्ष, मग त्या वर्षातला अनुक्रम. समजा २०२१.०१४. वनस्पती उद्यानांतही याच धर्तीचे क्रमांक वापरतात. वहीत क्रमांकापुढे नाव, कुणाकडून आलं, कटिंग की बी, कुठल्या झाडाचं, सगळं. आणि एक नियम कडक: झाड मेलं तरी त्याचा क्रमांक दुसऱ्याला द्यायचा नाही. बाद केलेल्या पुस्तकाचा क्रमांक आम्ही नव्या पुस्तकाला कधी दिला नाही, तसंच. वहीत 'मेले' असा शेरा मारायचा आणि पुढे जायचं. कटिंगने वाढवलेलं रोप म्हणजे नवा क्रमांक, शेऱ्यात आईचा क्रमांक.

म्हणून पाटीवर मोठ्या अक्षरात क्रमांक आणि त्याखाली नाव. बाकी काही नाही. नाव बदलतं, हे लोक विसरतात. सान्सेव्हिएरिया, म्हणजे स्नेक प्लांट, आता ड्रॅसिना गटात गेली, रोजमेरी साल्व्हिया गटात गेली. डीएनएचा अभ्यास करणारी मंडळी उद्या आणखी काही हलवतील. पाटीवर फक्त नाव असेल तर पाटी जुनी होते, क्रमांक असेल तर वहीतली एक ओळ बदलली की भागतं. लिहिण्याचे संकेतही पाळावेत: लागवडीतल्या वाणाचं नाव एकेरी अवतरणचिन्हात. ते चिन्ह टेपवर छापताना बरेच जण गाळतात, आणि मग वाण कुठला आणि जात कुठली याचा गोंधळ होतो.

काही संग्रहांत तर क्रमांक हेच सगळं काही असतं. लिथॉप्स पाळणाऱ्यांना कोल क्रमांक माहीत असतात. डेस्मंड कोल यांनी आफ्रिकेच्या दक्षिण भागात फिरून ठिकठिकाणच्या लिथॉप्सची नोंद केली, आणि त्यांचा एकेक क्रमांक म्हणजे एका विशिष्ट ठिकाणची वस्ती. एकाच जातीचे दोन क्रमांक शेजारी ठेवले तर नुसत्या डोळ्यांनी सांगता येईलच असं नाही. अशा कुंडीतली पाटी हरवली की झाड जिवंत असूनही त्याची ओळख गेली. झाड मुळात कुठून आणलं ते सांगणाऱ्या निवडुंगवाल्यांच्या क्षेत्र-क्रमांकांचं तेच. म्हणून अशा झाडांना मी दोन पाट्या लावते. एक वर दिसणारी, दुसरी कुंडीच्या आत कडेला पूर्ण गाडलेली, जिच्यावर फक्त क्रमांक. मातीत ऊन पोचत नाही, त्यामुळे गाडलेल्या पाटीवरचं साधं लिखाणही वर्षानुवर्षं टिकतं. कुंडी बदलताना ती हाताला लागते. कुंड्या बदलण्याच्या दिवशीच पाट्यांची सर्वांत जास्त अदलाबदल होते. त्यामुळे नव्या कुंडीत आधी पाटी, मग माती, मग झाड, असा क्रम ठेवायचा आणि एका वेळी एकच कुंडी उघडायची.

आता पेन्सिल. हसू नका. या सगळ्या खर्चाच्या यंत्राला खरी टक्कर पेन्सिलच देते, आणि काही बाबतींत हरवते. पेन्सिलीतलं ग्राफाइट म्हणजे कार्बन. त्यात उडून जाणारा रंग नाही, विरघळणारी शाई नाही, त्यामुळे ऊन त्याचं काही बिघडवत नाही. चिकणमातीत ग्राफाइट मिसळून भाजायची आजची रीत १७९५ सालची, कॉन्ते या फ्रेंच संशोधकाने काढलेली. त्यानंतर मूळ कल्पनेत सुधारणा करायची फारशी गरज कुणाला पडलेली नाही. पांढऱ्या खरखरीत प्लास्टिकच्या पट्टीवर २बी पेन्सिलने ठासून लिहा. पहिले दोन दिवस बोट फिरवलं तर जरा पसरतं, नंतर बसतं. गुळगुळीत पट्टी असेल तर बारीक पॉलिश पेपर एकदा फिरवा, मग घेते. कटिंग लागलं नाही तर भांडी घासायच्या पावडरीने पुसून पट्टी पुन्हा वापरता येते. टेपवाल्या पाटीत ती सोय नाही.

उलट 'पर्मनंट' म्हणून मिळणारे बरेच मार्कर उन्हात टिकत नाहीत. त्यांत रंगद्रव्याऐवजी विरघळणारा रंग असला की एका उन्हाळ्यात अक्षरं तपकिरी, मग पिवळी, मग नुसती आठवण. कायमचा म्हणजे धुतला जाणार नाही इतकंच, उन्हात उडणार नाही असं कुणी म्हटलेलं नसतं. रंगद्रव्याचे, तैलरंगासारखे जाड मार्कर जास्त टिकतात, पण त्यांची टोकं मातीच्या कणांनी लवकर खराब होतात.

पेन्सिलीची मर्यादा पट्टीत आहे. स्वस्त पांढऱ्या पट्ट्या उन्हाने ठिसूळ होतात. दोन-तीन उन्हाळे झाले की उचलायला जावं तर मातीच्या पातळीला कट्कन मोडतात. अक्षर शाबूत, पट्टी गेली! काही जण खिडकीच्या जुन्या विनाइल पडद्याच्या पट्ट्या कापून वापरतात. त्या टिकतातही, पण फार जुने पडदे नकोत. १९९६ साली अमेरिकेच्या ग्राहक-उत्पादन सुरक्षा आयोगाने अशा पडद्यांत शिसं असल्याचा आणि उन्हाने त्याची धूळ सुटत असल्याचा इशारा दिला होता. खाण्याच्या भाजीपाल्याच्या कुंडीत तर मुळीच नको. लाकडी काड्या सुंदर दिसतात आणि मातीत कुजतात, विषय संपला.

आणखी एक रीत राहिली, तिला वीज लागत नाही की शाई. मऊ अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पट्टीवर, खाली जाडसर मासिक ठेवून, बॉलपेनने दाबून लिहायचं. शाई उडाली तर उडो, खोदलेली रेघ राहते. टांगत्या कुंड्यांना आणि जाळीवर चढवलेल्या हॉयांना मी हेच वापरते, तांब्याच्या मऊ तारेने अडकवून. तार खोडाभोवती सैल हवी. खोड जाड होत जातं आणि घट्ट तार सालीत रुतून फांदीचा गळा आवळते. वाचायला मात्र हा प्रकार त्रासाचा. चकाकी असते, अक्षर धातूच्याच रंगाचं, मान तिरपी करून उजेड पकडावा लागतो. माझा चष्मा बदलल्यापासून मी त्यावर क्रमांकच लिहिते, नाव नाही.

वाचता येण्याच्या बाबतीत यंत्राच्या तोडीस यांतलं काहीच येत नाही, हे मान्य करायला हवं. उभ्याने, न वाकता, पाणी घालता घालता वाचता येईल अशी पाटी टेपचीच. पांढऱ्यावर काळं, बारा मिलिमीटर, मोठा क्रमांक. चकचकीत टेपवर उजेड पडून नाव दिसेनासं होत असेल तर मॅट टेप मिळते का बघा. आणि पट्टीचं डोकं थोडं मागे कलतं वाकवून घ्या, म्हणजे ती वर बघते आणि आपल्याला खाली बसावं लागत नाही.

यंत्राला मी पाचपैकी साडेतीन तारे देते. छपाईला पूर्ण, डिंकाला निम्मे, साखळीची सोय मेन्यूत लपवल्याबद्दल आणि मराठीच्या मात्रा कापल्याबद्दल थोडे कमी. ज्यांच्याकडे वर्षानुवर्षं राहणारी, नावनिशी जपायची झाडं आहेत त्यांनी जरूर घ्यावं, सोबत अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या मागवूनच. ज्यांचा सगळा कारभार बिया आणि कटिंगांचा, आज लावलं उद्या वाटलं असा, त्यांनी पेन्सिल आणि खरखरीत पट्ट्या घ्याव्यात. मी स्वतः नव्या कटिंगला पेन्सिलीचीच पाटी लावते, आणि त्याने एक उन्हाळा काढला की मगच त्याच्या नावाची टेप छापते.